लोअर बर्थ मिळाला तर येतो!

प्रवासाला न जाण्याचीसुद्धा तयारी करावी लागते, आणि आपल्याकडे ती फार मनापासून केली जाते. जानेवारीत हुरड्याचे दिवस असतात. फेब्रुवारीत लग्नं निघतात. मार्चमध्ये परीक्षा, एप्रिल-मेमध्ये ऊन आणि आंबे. ऊन सोसवत नाही आणि आंबे सोडवत नाहीत. जूनमध्ये शाळा सुरू होतात, जुलैत पाऊस, मग श्रावण. त्यानंतर गणपती, पितृपक्ष, नवरात्र, दिवाळी अशी रांगच लागते. राहता राहिला डिसेंबर. डिसेंबरात सगळं जग फिरायला बाहेर पडतं, त्यामुळे सभ्य माणसाने घरीच थांबलेलं बरं. ‘आता पुढच्या वर्षी बघू,’ असं म्हणत घरातले कर्ते नवीन कालनिर्णय खिळ्याला अडकवतात आणि न जाण्याचं आणखी एक वर्ष सुरू होतं.

ही माणसं आळशी नसतात. कंजूष असतातच असंही नाही. त्यांच्या माळ्यावर चाकांची बॅग असते. तीत पाहुण्यांसाठीची पांघरुणं ठेवलेली असतात. त्यांच्या कपाटात पासपोर्टही असतो. त्याच्या पोलीस पडताळणीसाठी दिवसभर घरी थांबून, आलेल्या साहेबांना चहा-पोहे दिलेले असतात. दहा वर्षांनी त्या पासपोर्टची मुदत संपते आणि अंगावर एकही शिक्का न उमटलेला तो पासपोर्ट नूतनीकरणाला जातो. कशासाठी, असं विचारलं तर उत्तर येतं, “असावा घरात.”

प्रवासाची आवडही त्यांना भरपूर असते. टीव्हीवर हिमालय लागला की ते आवाज वाढवतात. नकाशा तर त्यांना पाठ असतो. त्यांच्या पाकिटात सरकारने अख्खी सहल भरून ठेवली आहे. नव्या नोटा काढून बघा. दहाच्या नोटेवर कोणार्क, वीसच्या नोटेवर वेरूळ, पन्नासवर हंपीचा दगडी रथ, शंभरवर पाटणची राणी की वाव, दोनशेवर सांचीचा स्तूप, पाचशेवर लाल किल्ला. इतकी ठिकाणं खिशात बाळगून माणूस कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जातो, हंपी देतो, कोथिंबीर आणि लिंबं घेतो आणि परत येतो.

मग अडतं कुठे? अडतं भीतीपाशी. पण हे कुणी कबूल करत नाही. ज्यांच्या पूर्वजांचे घोडे १७५८ साली अटकेपर्यंत गेले, त्यांनी ‘मला बोरिवलीच्या पुढे एकट्याने जायची भीती वाटते’ असं कसं म्हणायचं? म्हणून ही भीती वेगवेगळ्या लोकांच्या आणि वस्तूंच्या नावावर जमा केली जाते. थोडी गुडघ्यांच्या, थोडी तुळशीला पाणी कोण घालणार याच्या, थोडी दूधवाल्याच्या आणि उरलेली सगळी सूनबाईंच्या. “मी एका पायावर तयार आहे हो, पण तिला सुट्टी मिळत नाही.” सूनबाई आत चार महिन्यांची शिल्लक रजा मोजत असते.

अशा माणसाशी प्रवासाबद्दल बोलून पाहावं. आमच्या शेजारच्या काकांशी झालेलं हे बोलणं:

“काका, आम्ही काश्मीरला चाललोय. तुम्ही आणि काकू येता का?”

“काश्मीर! वा! बघायलाच हवं एकदा आयुष्यात.”

“मग काढू का तिकिटं?”

“काढा की. विमान किती वाजता आहे?”

“सकाळी सहाचं.”

“म्हणजे घरातून तीनला निघायचं. तीनला रिक्षा कुठून मिळणार?”

“टॅक्सी सांगू आधीच.”

“आणि नाही आली तर?”

ज्या प्रश्नावर दिल्लीत इतकी वर्षं खल झाला, तो काश्मीरचा प्रश्न आमच्या काकांनी असा रिक्षापाशी मिटवून टाकला.

यात हसण्यासारखं बरंच असलं, तरी काकांचा प्रश्न खोटा नव्हता. त्यांना दल सरोवर किती सुंदर आहे हे जाणून घ्यायचं नव्हतं. सरोवरापर्यंतचा रस्ता आपल्या दारापासून कसा सुरू होतो, ते हवं होतं. आणि नेमकं तेच त्यांना कुणी सांगत नाही.

याला कारण प्रवासाहून परत आलेली माणसं. न गेलेल्यांना आणखी घरी बसवण्याचं काम जर कुणी चोख करत असेल, तर ते ही जाऊन आलेली मंडळी. त्यांना विचारावं, “कसं होतं?” ते म्हणतात, “अप्रतिम! शब्दच नाहीत.” ज्यांच्याकडे शब्दच नाहीत त्यांनी मग पाऊण तास बोलावं याला काय म्हणावं? पण ते बोलतात. सूर्योदय कसा होता ते सांगतात, धबधब्याचे तुषार अंगावर कसे आले ते सांगतात, आणि मग मोबाइल पुढे करून बर्फाचे फोटो दाखवतात. पहिल्या फोटोत बर्फ असतो. दुसऱ्यात तोच बर्फ, पण वहिनी गॉगल लावून. तिसऱ्यात बर्फ, वहिनी आणि अनोळखी माणसाचा घोडा. ऐकणारा मनात विचार करत असतो, एवढ्या बर्फात आंघोळीला गरम पाणी होतं का? ते विचारायची लाज वाटते. समोरचा माणूस निसर्गाच्या भव्यतेपुढे नतमस्तक झालेला असताना मध्येच कमोडची चौकशी कशी करणार?

तरुण मंडळींची आणखी वेगळी तऱ्हा. त्यांच्या चित्रफितींत एक मुलगा पाठीला बोजा लावून कड्याच्या टोकावर उभा असतो आणि सांगतो, “नोकरी सोडा, भीती सोडा, निघा!” हे पाहून धास्तावलेला माणूस प्रेरित होतो असा या मुलांचा समज आहे. प्रत्यक्षात आमच्या काकूंची पहिली प्रतिक्रिया असते, “अगं बाई, पडेल तो!” दुसरी, “याचे आईवडील काय करतात?” आणि तिसरी, “टोपी तरी घालायची.” भीती सोडा म्हटल्याने ती सुटत असती, तर दंतवैद्यांच्या दवाखान्यात लोक गाणी म्हणत गेले असते.

याउलट मराठीत जी प्रवासवर्णनं टिकली, ती चाळून बघा. वरसईचे गोडसे भटजी १८५७ साली घराबाहेर पडले ते काही क्षितिजाची हाक ऐकून नव्हे. घरात कर्ज होतं आणि उत्तरेत मोठा यज्ञ होऊन घसघशीत दक्षिणा मिळणार असं कानावर आलं होतं. निघाले दक्षिणेसाठी आणि सापडले थेट बंडाच्या धुमाळीत. झाशीचा वेढा पाहिला, लुटले गेले, आणि तरी गंगेची कावड घेऊन घरी पोचले. त्यांचं ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली छापलं. त्यात इतिहास आहेच. पण कुठे कुणाकडे उतरलो, काय जेवलो, हातावर किती पैसे पडले, हेही आहे. म्हणून ते आजही खरं वाटतं. तलवारी चालू असताना ज्याला जेवणाचा तपशील आठवतो, तो माणूस आपल्यातला आहे अशी वाचकाची खात्री पटते.

पंडिता रमाबाईंनी अमेरिका पाहून १८८९ साली त्या देशाची लोकस्थिती मराठीत मांडली, तेव्हा समुद्र ओलांडणं हेच इथे पाप समजलं जात होतं. आनंदीबाई जोशी तर त्याआधी, १८८३ साली, अठरा वर्षांच्या असताना कलकत्त्याहून बोटीने निघाल्या. अमेरिकेला का जाते, हे त्यांनी निघण्यापूर्वी बंगालमधल्या श्रीरामपूरला लोकांसमोर भाषण करून सांगितलं. एकेका शंकेला एकेक उत्तर. आजही एखाद्या मुलीने ‘मी एकटी हिमाचलला जाते’ म्हटलं की बैठकीच्या खोलीत त्याच सभेची पुनरावृत्ती होते. शंका त्याच, फक्त श्रोते सोफ्यावर.

पुलंच्या ‘अपूर्वाई’त विलायत येण्याआधी विलायतेला जाण्याची धांदल येते, आणि कित्येक वाचकांना ती धांदल विलायतेइतकीच आठवते. लंडनला राहिलेल्या डॉक्टर मीना प्रभूंनी मेक्सिको, तुर्कस्तान, इराण असे देश बहुतेक वेळा एकटीने पालथे घातले आणि रस्ता चुकणं, मुक्कामाची खोली शोधणं, भाषेची पंचाईत हे सगळं मोकळेपणाने लिहिलं. ते वाचून महाराष्ट्रातल्या अनेक बायकांना वाटलं, हे आपल्यालाही जमेल. ‘हे सुंदर आहे’ आणि ‘हे आपल्यालाही जमेल’ या दोन वाक्यांपैकी पहिलं ऐकून माणूस मान डोलावतो, दुसरं ऐकून बॅग काढतो.

हे सारं मला पटवून दिलं ते आमच्या सोसायटीतल्या बाईंनी. त्या निवृत्त शिक्षिका. अर्धी सोसायटी त्यांची विद्यार्थी, म्हणून सगळ्यांच्याच बाई. निवृत्तीनंतर त्या हंपीला जाऊन आल्या. त्यांच्या नणंदेने फोनवर विचारलं, “मला झेपेल का गं?” बाईंनी ‘अप्रतिम’ वगैरे काही न म्हणता वहीचे दोन कागद फाडले आणि सगळं लिहून पाठवलं. ते टिपण मी वाचलं आहे. त्यात विजयनगरच्या वैभवाला दोन ओळी होत्या. बाकीचा मजकूर साधारण असा:

‘स्टेशन होसपेट. तिथून हंपी तेराएक किलोमीटर. रिक्षावाल्याशी आधी ठरवून घे, बसल्यावर नव्हे. विठ्ठल मंदिराकडे शेवटचा किलोमीटरभर बॅटरीची गाडी नेते, चालावं लागत नाही. ऊन कडक, सकाळी लवकर बघून घे, दुपारी झोप. दगड तापतात, मोजे घाल. पायऱ्या उंच आहेत, पण मातंग टेकडी चढलीच पाहिजे असं नाही; खाली बसूनही नदी दिसते. खोलीत बादली-मग मिळाला. कमोड आहे. दहीभात सगळीकडे मिळतो. मला एकदाही भीती वाटली नाही, फक्त माकडांची वाटली. हातात पिशवी धरू नकोस.’

शेवटी एक ओळ: ‘आपला विठोबा हंपीला नेला होता आणि भानुदासांनी परत आणला असं सांगतात ना? देव जाऊन सुखरूप परत आला, तू का येणार नाहीस?’

नणंद गेली. एवढंच नाही, तर तिने तो कागद तिच्या भजनी मंडळात वाचून दाखवला. मंडळातून त्याच्या झेरॉक्स निघाल्या. एक प्रत इंदूरला कुणाच्या तरी बहिणीकडे गेली, दुसरी बेळगावला. मग बाईंना फोन येऊ लागले. आलेला एकही फोन हंपीच्या शिल्पकलेविषयी नव्हता. “गरम पाणी किती वाजेपर्यंत असतं?” “गाद्या कापसाच्या की फोमच्या?” “आमच्या ह्यांना रात्री तीनदा उठावं लागतं, गाडीत जमेल का?” बाई प्रत्येकाला उत्तर देत. उत्तर ठाऊक नसेल तर तसं सांगत. पुढे कुठेही गेल्या की आधी स्वच्छतागृहाची पाहणी करून मगच देवळाकडे वळत. देव कुठे जात नाही, असं त्यांचं म्हणणं.

बाईंची टिपणं वाढत गेली, तसे त्यांचे काही नियम पक्के झाले. प्रवासाविषयी लिहून बिचकणाऱ्यांना बाहेर काढायची ज्यांना हौस आहे, त्यांनी ते भिंतीला लावून ठेवावेत.

पहिला नियम: आधी परत कसं यायचं ते सांगा, मग कसं जायचं ते. बिचकणारा माणूस जाण्याला भीत नाही, अडकण्याला भितो. शेवटची बस किती वाजता, ती चुकली तर पुढे काय, एवढं कळलं की त्याचा अर्धा जीव भांड्यात पडतो.

दुसरा: लोअर बर्थचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. साठीच्या पुढच्या पुरुषांसाठी आणि ४५ वर्षांपुढच्या स्त्रियांसाठी, एकट्या किंवा दोघंच प्रवास करत असतील तर, रेल्वेत खालच्या बर्थचा वेगळा कोटा आहे. शिवाय ऑनलाइन तिकीट काढताना ‘एक तरी लोअर बर्थ मिळाला तरच तिकीट काढा’ असा पर्यायही निवडता येतो. म्हणजे बघा, ‘लोअर बर्थ मिळाला तर येतो’ हे घराघरांतल्या मामांचं वाक्य भारतीय रेल्वेने अधिकृतपणे मान्य केलं आहे. अडचण एकच. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण साठ दिवस आधी सुरू होतं, आणि मामांना निर्णय घ्यायला एकसष्ट दिवस लागतात.

तिसरा: ज्या गोष्टीने फजिती होते ती अगोदर सांगा. इतर राज्यांतलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. हे एक वाक्य ज्याला निघण्याआधी कळलं त्याचा मुलगा घरी निवांत झोपतो. ज्याला श्रीनगरला उतरल्यावर कळलं त्याच्या घरी रात्रभर देव पाण्यात. लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. विमानाने थेट गेल्यावर पहिले एक-दोन दिवस नुसतं पडून राहायचं असतं. हे ऐकून आमचे काका पहिल्यांदाच लडाखविषयी आपुलकीने बोलले. पोचल्यावर पडून राहायला सांगणारं ठिकाण त्यांना आवडणारच. परदेशी निघालेल्या काकूंना सांगावं की लोणच्याची बरणी हातातल्या पिशवीत ठेवू नका. १०० मिलिलिटरच्या वरचा पातळ पदार्थ विमानतळावर काढून घेतात, मग तो कैरीचा असो की लिंबाचा. पॉवर बँक मात्र उलट. ती हातातच ठेवायची, चेक-इनच्या बॅगेत टाकायची नाही.

चौथा: खर्च आकड्यांत सांगा. ‘परवडतं हो’ हे वाक्य जगातलं सर्वांत निरुपयोगी वाक्य आहे. कुणाला परवडतं? तुमच्या जावयाला? नाश्ता किती, जेवण किती, गाडीवाल्याने किती घेतले, हे लिहा. आणि दोन ठिकाणी फसलात तर तेही लिहा. फसण्याची रक्कम कळली की माणूस तेवढे पैसे वेगळे काढून ठेवतो आणि निर्धास्त होतो. मग प्रवासात कुणी फसवलं नाही तर तो फायद्यात असल्यासारखा खूश असतो.

पाचवा नियम जरा अवघड: फुकट खोली घेतली की लेखणी गोड होते. बाईंची कीर्ती ऐकून एका डोंगराळ गावातल्या हॉटेलवाल्याने त्यांना राहायचं आग्रहाचं निमंत्रण दिलं. म्हणाला, फक्त चार चांगले शब्द लिहा. बाईंनी जेवणाचं तेवढं मान्य केलं. टिपणात लिहिलं, ‘माणसं अगत्यशील. आमटी गोड. खोलीच्या भिंतीला ओल आहे, दम्याच्या लोकांनी वरच्या मजल्यावरची मागावी.’ पुन्हा निमंत्रण आलं नाही. पण दम्याचे लोक गेले आणि वरच्या मजल्यावर राहिले. बिचकणाऱ्या माणसाची एक खोड असते. त्याला एकदा कुणाच्या स्तुतीवर विसंबून ओलीच्या खोलीत झोपावं लागलं, तर तो पुढची दहा वर्षं घर सोडत नाही आणि प्रत्येक लग्नात त्या ओलीचं वर्णन करतो. त्या वर्णनाने आणखी वीस माणसं घरी बसतात.

सहावा: पायऱ्या लहान ठेवा. ज्याने कधी एकट्याने ठाणं ओलांडलं नाही, त्याला एकदम पॅरिस दाखवू नये. आधी सकाळी जाऊन संध्याकाळी परत. मग एक रात्र. मग दोन रात्री आणि आगगाडी. मग दुसरी भाषा बोलणारं राज्य. परदेश सगळ्यांत शेवटी, आणि नाही आला तरी काही बिघडत नाही. एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ हा पास चार किंवा सात दिवसांचा मिळतो. काढला की राज्यात हवं तिकडे फिरा. मला तो पास फार शहाणा वाटतो. त्यात ठिकाण आधी ठरवावं लागत नाही, त्यामुळे ठिकाणावरून घरात भांडण होत नाही. ते बसस्टँडवर होतं.

कुणी म्हणेल, मराठी माणूस मुळातच बैठा आहे, असल्या टिपणांनी काय होणार? त्याने ज्येष्ठ वद्यात आळंदीला जाऊन यावं. एरवी कोपऱ्यावर जायला स्कूटर काढणारा माणूस तिथे पंढरपूरच्या दिशेने अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालायला निघालेला दिसतो. भक्ती आहेच. पण जरा प्रवासाच्या अंगानेही बघा. आज मुक्काम सासवड, मग जेजुरी, वाल्हे. नीरास्नान झालं की लोणंद. तरडगावच्या अलीकडे चांदोबाचा लिंब आणि तिथे उभं रिंगण. सगळं आधीपासून ठरलेलं आणि छापलेलं. दिंडीला नंबर, दिंडीतली जागा ठरलेली, पुढे कोण, मागे कोण हे माहीत. जेवण कुठे हे माहीत. पाय दुखले तर तेल लावायला कुणीतरी असतं. रस्ता चुकायची सोय नाही, कारण रस्ताच माणसांनी भरलेला. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात माउलींच्या सोहळ्याला ही शिस्त लावली. ते शिंद्यांच्या पदरी राहिलेले सरदार, त्यांना फौज हलवण्याची कला ठाऊक होती. त्यांनी लाखो घरबशा माणसांना घराबाहेर काढण्याचा जो बंदोबस्त केला, त्याला अजून तोड नाही. दिवे घाटाचं सौंदर्य कुणी आधी वर्णन करून सांगत नाही, मुक्काम सांगतात. घाटाचं सौंदर्य घाटात गेल्यावर दिसतंच.

सहल कंपन्यांनीही हेच ओळखलं. युरोपच्या सहलीत संध्याकाळी गरम वरणभात देण्याची कल्पना ज्याने पहिल्यांदा काढली, त्याचा स्विस सरकारने सत्कार करायला हरकत नाही. आल्प्स पर्वत कित्येक लाख वर्षं तिथेच उभा होता. आमचे लोक गेले नव्हते. वरण पोचलं आणि लोक पोचले. नाकं मुरडणारे म्हणतात, एवढं स्वित्झर्लंडला जाऊन वरणभात? त्यांना सांगावं, तोंडात ओळखीची चव असली की डोळ्यांना अनोळखी गोष्टी बघायचा धीर होतो. दुसऱ्या दिवशी हेच काका चीजचा तुकडा तोंडात टाकून बघतात. तिसऱ्या दिवशी म्हणतात, “बरं लागतं की. जरा मिरपूड हवी.”

आता यातला धोका. बिचकणारा माणूस एकदा जाऊन आला की त्याचं फार लवकर रूपांतर होतं. आमच्या रिक्षावाल्या काकांचंच बघा. बाईंनी त्यांना ओळखीच्या टॅक्सीवाल्याचा नंबर दिला, आणि तो नाही आला तर म्हणून दुसऱ्याचाही. काका-काकू काश्मीरला गेले, शिकाऱ्यात बसले, गोंडोलात चढले. परत आल्यावर मी विचारलं, “काका, कसं झालं?” काकांनी डोळे मिटले. म्हणाले, “काय सांगू! शब्दच नाहीत.” आणि मोबाइल पुढे केला. पहिल्या फोटोत बर्फ होता.

म्हणून परत आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यातच गाठावं. तोवर त्याला नळाला पाणी कसं होतं, उशी किती उंच होती आणि ड्रायव्हर गाणी कुठली लावत होता, हे सगळं आठवत असतं. महिनाभराने फक्त सौंदर्य शिल्लक राहतं, आणि त्याचा दुसऱ्याला काही उपयोग नसतो.

तेव्हा वाचकहो, तुम्ही कुठून जाऊन आला असाल, तर आजच बसून एक कागद लिहा. ‘अप्रतिम’ हा शब्द त्यात वापरू नका. गाडी, खोली, आंघोळ, जेवण, औषधाचं दुकान, परतीची वेळ आणि खर्च, एवढं लिहा आणि तुमच्या ओळखीतल्या सर्वांत घाबरट माणसाला द्या. आणि तुम्हीच तो घाबरट माणूस असाल, तर कुणाच्या कागदाची वाट बघू नका. राज्याच्या हद्दीत एसटीच्या बसमध्ये १७ मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना निम्मं तिकीट आहे. पासष्टी ओलांडलेल्यांना निम्मं, आणि पंचाहत्तर पूर्ण केलेल्यांना तिकीटच नाही. येत्या रविवारी सकाळी निघा, संध्याकाळच्या बसने घरी या. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड मागतात, तेवढं आठवणीने बरोबर घ्या.